हमी देणारा माल विकतो कुणाला?



तुमच्या जिल्हा बैठकीसाठी हे आसनगावहून लिहितो आहे. शहापूर तालुक्यातले हे रेल्वे स्टेशन. तुमच्याकडे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. इकडे तांबडी माती, भात आणि नागली. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणारे पाडेही याच तालुक्यात. तेव्हा कोरडवाहूचे दुखणे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. आता तर एका रस्त्यानेही आपण बांधले गेलो आहोत. नागपूरहून निघून वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा तुमच्या कापसातून येणारा समृद्धी महामार्ग शेवटी आमच्या भातखाचरांतून उतरतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. डांबर पडायच्या कितीतरी आधी, जमिनीच्या मोबदल्याचा वास लागून, एजंट येऊन पोचले होते. आज त्या एजंटाविषयीच बोलायचे आहे.

खड्याचे दुकान

आसनगावहून लोकलने पाऊण तासावर कल्याण. तिथे 'टोरेस' नावाचे दागिन्यांचे एक झगमगीत दुकान होते. दादरला तशाच नावाचे मोठे दुकान फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडले आणि मग शाखा वाढल्या. खडे घ्या, त्यावर दर आठवड्याला परतावा मिळेल. नवे गिऱ्हाईक आणा, कमिशन मिळेल. मोटार मिळेल, मोबाईल मिळेल. सुरुवातीला पैसे खरोखर मिळाले, म्हणून लोकांनी आणखी भरले. ६ जानेवारी २०२५ रोजी दादरच्या बंद दुकानापुढे गर्दी उसळली. पोलिसांत पहिली फिर्याद दिली ती एका भाजीविक्रेत्याने. पुढे तक्रारदारांची संख्या हजारांत गेली. मुख्य संशयित परदेशी नागरिक तोवर देशाबाहेर गेले होते.

तो खडा होता मॉयसेनाईट. शेतीशाळेत रसायनशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो: मॉयसेनाईट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. विळा, कुऱ्हाड, कात्री यांना धार लावायचा कार्बोरंडमचा चक्का असतो ना, तेच द्रव्य. प्रयोगशाळेत स्वच्छ बनवून पैलू पाडले की हिऱ्यासारखे चमकते. विळ्याला धार लावणारा दगड लोकांच्या गळ्यात घातला आणि धार लावली ती त्यांच्याच गळ्याला.

शहाण्यांचे प्रवचन

असे काही घडले की शहरातले शहाणे लगेच प्रवचन सुरू करतात. लोक लोभी आहेत. शेतकरी तर अडाणी आणि लोभीही. फुकटचे हवे असते, मग बुडतात.

माझा या शहाण्यांना एक प्रश्न आहे. दर जूनमध्ये उधारीचे बियाणे मातीत टाकून आठ महिने आभाळाकडे बघणारा माणूस लोभी कसा? २०२५ साली बीटी कापसाच्या पाकिटाचा कमाल दर ९०१ रुपये होता. एकरी दोन पाकिटे. त्यावर खत, फवारणी, निंदणी, वेचणी. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आला असे धरा. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये, म्हणजे हातात यायचे ३८,५५० रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे तुमचा कापूस घरात येण्याच्या नेमक्या महिन्यांत बाहेरच्या कापसाला दार सताड उघडे. खर्च वजा करा, घरच्या माणसांची मजुरी धरा, आणि काय उरते ते बैठकीत उभे राहून सांगा.

ज्याचा कष्टाचा धंदा दरवर्षी तोट्यात जातो, त्याला 'इथे तोटा नाही' असे कुणी सांगितले, तर तो तिकडे बघणारच. बुडता माणूस काडी धरतो त्याला लोभ म्हणत नाहीत.

पण भावांनो, इथे थांबलो तर मी तुमची खुशामत केल्यासारखे होईल. काडी धरली म्हणून माणूस तरत नाही. म्हणून आता हिशेब.

चार टक्क्यांचा हिशेब

तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वर्षाला सात टक्के व्याज; वेळेवर फेडले तर केंद्राच्या सवलतीने चार टक्के. हा चार आकडा लक्षात ठेवा. आता समजा एक योजनावाला म्हणतो, आठवड्याला चार टक्के देतो. आकडा तोच, वर्षाच्या जागी आठवडा आला, एवढाच फरक.

दहा जणांनी प्रत्येकी एक लाख भरले. गल्ल्यात दहा लाख. दर आठवड्याला वाटायचे चाळीस हजार. पंचविसाव्या आठवड्याला गल्ला रिकामा. त्यात कुणी एक रुपया चोरलेला नाही, दुकानाचे भाडे धरलेले नाही, एजंटाचे कमिशन धरलेले नाही. म्हणजे योजना चालू ठेवायची तर सहा महिन्यांच्या आत नवे दहा जण हवेत, मग त्या वीस जणांसाठी आणखी वीस. हे नवे लोक कोण? तुमचा मेहुणा, तुमची चुलत बहीण, तुमच्या मुलाचा मित्र.

आणि हे व्याज न काढता तसेच ठेवले तर? आठवड्याला चार टक्क्यांनी एका लाखाचे वर्षात साडेसात लाखांच्या वर होतात. पाच वर्षांत अडीचशे कोटींच्या वर. ज्याला असा धंदा सापडला आहे, तो तुमचे एक लाख मागायला गावोगाव कशाला हिंडेल? त्याने स्वतःचेच एक लाख लावले असते आणि गुपचूप बसला असता.

ते विकतात काय?

वरवर बघता ते कधी खडे विकतात, कधी झाडे, कधी पक्षी. १९९० च्या दशकात साग लागवडीच्या कंपन्यांचे पीक आले होते. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये बुडाली. २०१२ साली तामिळनाडूतल्या पेरुंदुराईची सुशी एमू फार्म्स कोसळली. एमूचे पिंजरे आपल्या राज्यातही लागले होते. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोवर कडकनाथ कोंबड्यांच्या व्यवहारात फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. पर्ल्सच्या पीएसीएल कंपनीने तर शेतजमीनच कागदावर विकली. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. गुंतवणूकदार होते पाच कोटींहून जास्त. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली, तरी दहा वर्षांनंतरही सगळ्यांचे सगळे पैसे परत मिळालेले नाहीत.

या यादीकडे नीट बघा. झाड, पक्षी, कोंबडी यांच्या मागे विकली जात होती एकच वस्तू: हमी. "तुम्ही पिकवा, आम्ही ठरलेल्या भावाने घेऊ." हे वाक्य ऐकण्यासाठी शेतकऱ्याच्या पिढ्या झुरल्या. सरकारने ते कागदावर दिले आणि खरेदी केंद्रावर ओलावा मोजून परत घेतले. भामट्याने तेच वाक्य उचलले, त्याला रंगीत छापले आणि तुमच्या ओसरीवर आणून दिले. जी हमी खऱ्या मालाला मिळत नाही, ती खोट्या मालाला मिळते, म्हणूनच खोटा माल खपतो.

म्हणून एकच प्रश्न पाठ करा: हमी देणारा माल पुढे विकतो कुणाला? कापसाचा शेवटचा गिऱ्हाईक सदरा घालणारा. ज्वारीचा शेवटचा गिऱ्हाईक भाकरी खाणारा. एमूचे मटण कुणाच्या ताटात होते? एमूचे शेवटचे गिऱ्हाईक नवा एमूवालाच होता. जिथे शेवटचा गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखाच दुसरा शेतकरी, तिथून उठून या. चहासुद्धा घेऊ नका.

माझी सही

हे मी वरून सांगत नाही. २००३ साली मी शेतकी पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो, नोकरी नव्हती. सफेद मुसळीची लाट होती. एका कंपनीने मला प्रकल्प अहवाल लिहायला बसवले. एकरी इतके कंद, किलोला इतका भाव, वर्षाला इतके लाख. भावाचा आकडा कंपनीने दिला. तो बाजारात कुणी देतो का, हे मी विचारले नाही. खाली माझे नाव आणि पदवी. पहिल्या वर्षी कंपनीने कंद खरेदी केले आणि तेच बियाणे म्हणून पुढच्या गावात विकले. दुसऱ्या वर्षी कार्यालयाला कुलूप.

नात्यातल्या एका मामांनी बैलजोडी विकून मुसळी लावली होती. ते माझ्याकडे आले. शिवी दिली नाही. एवढेच म्हणाले, "भाचा, कंपनी मला माहीत नव्हती. तू माहीत होतास." ते वाक्य अजून झोपेत ऐकू येते. त्यानंतर मी कुणाच्या उत्पन्नाच्या कागदावर सही केलेली नाही.

हे सांगतो एवढ्यासाठी की लुटणारा नेहमी बाहेरचाच येतो असे नाही. तो आपल्याच शिकलेल्या पोराचा हात धरून येतो.

कापसाचा आकडा

करमणुकीतली लूट तर तुमच्या कापसातूनच जन्मली आहे. मटका ज्याला म्हणतात, तो मुळात 'आकडा'. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईच्या कापूस बाजारात तारेने भाव येत. उघडणारा भाव किती, बंद होणारा किती, यावर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, त्यावरून मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो गिरणगावात घरोघर नेला. कापूस तुमच्या बापाने पिकवला, सूत गिरणी कामगाराने काढले, आणि दोघांच्या खिशातले तिसऱ्याने नेले.

आता मडके मोबाईलमध्ये आले. रमी, क्रिकेटचा संघ लावणे. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने त्यावर २८ टक्के जीएसटी घेतला. क्रिकेट संघाच्या छातीवर असल्याच एका कंपनीचे नाव होते. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. मधल्या काळात ज्यांच्या घरातले गेले त्यांचे काय? त्याच वर्षीच्या जुलैत विधिमंडळात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. खरे-खोटे त्यांचे त्यांना. महिन्याच्या अखेरीस कृषिखाते काढून त्यांना खाते दिले ते क्रीडा! यावर मी काही बोलत नाही. तुम्ही हसून घ्या आणि मग विचार करा.

बिनबिलाची स्वस्ताई

शेवटचा मुद्दा स्वस्ताचा. पन्नास-शंभर रुपये कमी म्हणून बिनबिलाचे बियाणे घेऊ नका. कोणते तंत्रज्ञान वापरायचे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, त्यावर स्वतंत्र भांडू. पण बिल नसेल तर उगवण फसल्यावर तालुका तक्रार समितीपुढे तुम्ही उभेच राहू शकत नाही. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. हा हक्क तुम्ही शंभर रुपयांना विकता. बिल, पाकीट, त्यावरची चिठ्ठी आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. आणि युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराचे 'लिंकिंग' एकट्याने सहन करू नका. दहा जण मिळून बिल मागा.

बैठकीत काय ठरवायचे

एक. गावात कोणतीही पैशाची योजना आली की चावडीवर सर्वांसमोर तिचा हिशेब मांडायचा. हिशेबाला घाबरणारा एजंट त्याच रात्री गाव सोडतो.

दोन. संघटनेचा कोणताही कार्यकर्ता कमिशनवर असली योजना विकणार नाही. विकली तर बिल्ला काढून ठेवायचा. याला माझ्यासकट कुणाचा अपवाद नाही.

तीन. फसलेल्याने लाजून घरात बसायचे नाही. ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९चा महाराष्ट्राचा एमपीआयडी कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९चा केंद्राचा कायदा आहे. पावत्या घेऊन एकत्र फिर्याद द्यायची. कंपनीची मालमत्ता जप्त होते ती अशा फिर्यादींवरच. आणि फसलेल्या बाईला, पोराला घरात टोचून बोलायचे नाही. आधीच फसलेला माणूस टोचून बोलण्याने विहिरीकडे जातो.

चार. सरकारकडे मागणी एकच: कापूस-ज्वारीची हमी खरी करा. खऱ्या हमीचे दुकान उघडले की खोट्या हमीची दुकाने आपोआप बंद पडतात.

मामांची बैलजोडी मी परत आणू शकत नाही. पण यंदा तुमच्या ओसरीवर कुणी रंगीत कागद घेऊन आला, तर त्याला पाणी द्या, सतरंजीवर बसवा आणि शांतपणे विचारा, "दादा, हमी देता ते ठीक. पण माल विकता कुणाला?"

आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत राहा.