पूर्णविरामानंतर

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा आटोपून विद्यार्थी बाहेर येतो, पेढे वाटतो. आणि पेढा तोंडात असतानाच आम्ही विचारतो, ‘आता प्रबंधाचे पुस्तक कधी?’ लेखकांनाही आम्ही सोडत नाही. प्रकाशन समारंभातच पुढच्या कादंबरीची चौकशी सुरू होते. यामागे आपुलकी असते हे खरे. पण थांबला तो मागे पडला, ही आमची स्वतःची भीतीही त्यात असते.

या संदर्भात इतिहासकार एडवर्ड गिबन याचे आत्मकथन आठवते. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचे तीन खंड १७८१ पर्यंत प्रसिद्ध झाले होते. पश्चिमेकडील साम्राज्याचे पतन सांगून झाले होते. तेथेच थांबणेही शक्य होते. गिबनने जवळजवळ वर्षभर लेखन बाजूला ठेवले आणि ग्रीक ग्रंथकार आवडीने वाचले. त्या मोकळेपणातच त्याला रोजच्या नेमस्त कामाची ओढ लागली आणि पुढचे तीन खंड लिहून झाले.

हा विसावा फळाला आला, म्हणून तो आम्हांला चटकन पटतो. खरी कसोटी पुढे आहे. २७ जून १७८७ च्या रात्री, लोझान येथील आपल्या बागेतल्या बंगलीत गिबनने अखेरचे पान पुरे केले. लेखणी खाली ठेवून तो झाडांखालच्या वाटेवर फेऱ्या घालीत राहिला. आधी सुटकेचा आनंद झाला. मग जुन्या सोबत्याचा कायमचा निरोप घेतल्याची खिन्नता दाटून आली. त्यानंतर १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या हातून त्या तोलाचा ग्रंथ झाला नाही. तो होमर, ॲरिस्टोफेनिस, प्लेटो वाचत राहिला. आत्मकथनाचे खर्डेही अपुरेच राहिले.

ही वर्षे वाया गेली म्हणायची काय? आमच्या मते नाही. विश्रांतीला पुढच्या पुस्तकाचे तारण मागितले, की ती विश्रांती राहत नाही; पुढच्या कामाची पूर्वतयारी होते. आणि आमच्या घाईचे मूळ बहुधा त्या खिन्नतेतच आहे. ती वाट्याला येऊ नये म्हणून आम्ही लगेच नवा विषय नोंदवतो. थांबायला शिकणे म्हणजे हा निरोप सोसायला शिकणे होय.

पुढच्या खेपेस पेढा खाताना आम्ही एवढेच विचारू, ‘सध्या आवडीचे काय वाचतो आहेस?’ ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर तेही आनंदाने ऐकून घेऊ.