कापसाच्या उताऱ्याचा आरोपी कोण?

कापसाचा हंगाम सरत आला की खानदेशात एखादा परिसंवाद ठरलेलाच असतो. व्यासपीठावर खात्याचे अधिकारी, बियाणे कंपनीचे प्रतिनिधी आणि एखादे जिनिंगमालक. समोर सतरंजीवर शेतकरी. निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो: लहान शेतकरी सुधारित तंत्र स्वीकारीत नाही, खतांची मात्रा पाळीत नाही, फरदड सोडीत नाही, म्हणून एकरी उतारा कमी येतो. मग उत्पादनावर परिणाम करणाऱ्या घटकांची यादी वाचली जाते. तिच्यात शेतकऱ्याचे वय, शिक्षण, अनुभव आणि प्रशिक्षण यांना मानाचे स्थान असते. पाणी कुणाच्या ताब्यात, बियाणे कुणाच्या मालकीचे, कर्ज कुणाच्या दारात आणि भाव कुणाच्या हातात, हे प्रश्न मात्र यादीच्या तळाशी असतात किंवा नसतातच. आरोपीच्या पिंजऱ्यात शेतकऱ्याला उभे करून खरे आरोपी न्यायासनावर बसतात, असा हा प्रकार आहे.

उतारा कमी आहे, हे कोणीही नाकारीत नाही. महाराष्ट्रात सुमारे 40 लाख हेक्टरांवर कापूस होतो; क्षेत्रात राज्य देशात पहिले, परंतु हेक्टरी रुईच्या उत्पादनात देशाच्या सरासरीच्याही खाली आणि जगाच्या सरासरीपेक्षा तर फारच मागे. एकट्या जळगाव जिल्ह्यात चांगल्या वर्षी पाच लाख हेक्टरांपर्यंत कापूस लागतो. प्रश्न एवढाच, की या दैन्याचे कारण शेतकऱ्याच्या डोक्यात शोधायचे की त्याच्या परिस्थितीत?

प्रथम पाणी पाहू. खानदेशातील एकाच गावात दोन प्रकारचे कापूस उत्पादक आढळतात. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकते तो ठिबकवर मे महिन्यातच लागवड करतो, दिवाळीच्या आसपास बरीचशी वेचणी उरकतो आणि त्याच रानात रब्बीचा मका वा गहू घेतो. ज्याला विहीर नाही तो मृगाची वाट पाहतो, पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी करतो, आणि बोंडे भरण्याच्या ऐन वेळी ओल संपली की हताशपणे पाहत राहतो. दोघांचे शिक्षण तेच, अनुभव तोच, ऐकलेली व्याख्यानेही तीच. फरक पाण्याचा आहे. धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण. आणि तापी दोन्ही जिल्ह्यांतून वाहत असताना अमळनेरजवळच्या पाडळसे प्रकल्पाला पाव शतक उलटूनही त्याचे पाणी शेताच्या बांधापर्यंत पोचलेले नाही. हा अडाणीपणा शेतकऱ्याचा म्हणावयाचा काय?

दुसरा प्रश्न बियाण्याचा. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली ती संकरित वाणांच्या रूपाने. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांत सरळ वाण घेतले जातात. आपल्याकडे संकरित वाण रुजले, कारण संकरित बियाणे घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. दर वर्षी पाकीट विकत घ्यावेच लागते. 2025 मध्ये बीजी-2 बियाण्याच्या एका पाकिटाचा कमाल दर 901 रुपये होता. शिवाय हे वाण दीर्घ मुदतीचे. हलक्या, कोरडवाहू जमिनीत पावसाळा संपल्यावरही पीक उभे राहते आणि नेमक्या त्याच काळात गुलाबी बोंडअळीला सापडते. अळीने बीटीला दाद देणे सोडून वर्षे लोटली. 2017 च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर कसा हाहाकार केला, हे विसरण्याजोगे नाही. कमी मुदतीचे, दाट लावता येणारे सरळ वाण हा कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा आधार. परंतु ज्या बियाण्यात दर वर्षीची विक्री नाही, त्यात खाजगी भांडवलाला रस नाही. आणि ज्या सार्वजनिक संशोधनाने ते काम करावयाचे, त्याला शासनाने दुय्यम स्थान दिले.

तिसरा घटक पत. विकास सोसायटीचे कर्ज थकले की नवे मिळत नाही, आणि मिळाले तरी पेरणीच्या घटकेला हाती येईलच याची शाश्वती नाही. मग कृषी केंद्राची उधारी. ती फेडण्यासाठी पहिल्या वेचणीचा कापूस ओलसर असतानाच खेडा खरेदीच्या काट्यावर जातो. भाव आणि कटती दोन्ही व्यापारी ठरवतो. पहिल्या दोन वेचण्या देणेकऱ्यांच्या घरी गेल्या की शेतकऱ्याच्या घरात उरते ती शेवटची, म्हणजेच फरदड. ती अळीला आसरा देते हे शास्त्र खरे. पण ती का ठेवली जाते हे अर्थशास्त्र परिसंवादात कोणी सांगत नाही.

आणि सर्वांवर मात करणारा घटक म्हणजे भाव. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने कापसाच्या आयातीवर सुमारे 11 टक्के शुल्क बसविले. पुढच्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला, तेव्हा एप्रिल 2022 मध्ये गिरण्यांच्या मागणीवरून शुल्क उठविले. भाव चढला म्हणून आयात मोकळी केली, हे समजू शकते. परंतु ऑगस्ट 2025 मध्ये, खुल्या बाजारातला भाव हमीभावाशीही झगडत असताना, अमेरिकेच्या वाढीव आयातकराचे निमित्त होऊन शुल्क पुन्हा उठविण्यात आले आणि ही सवलत वर्षअखेरीपर्यंत वाढविण्यात आली. अमेरिकेशी झालेल्या व्यापारयुद्धाची भरपाई कोणी करावयाची? पारोळा आणि शिंदखेडा तालुक्यांतल्या चार-पाच एकरवाल्याने! 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये. त्याच्या हिशेबात शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज धरलेले नाही; आणि कापूस महामंडळाच्या केंद्रावर बारा टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की हाही भाव मिळत नाही. ज्या पिकाचा भाव असा लोंबकळतो, त्यात जादा खत आणि जादा मजुरी घालण्यास नकार देणारा शेतकरी अडाणी नव्हे, तो चोख हिशेबी आहे.

येथे एक आक्षेप येईल. 1972 पासून महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजना चालवून पाहिली. प्रतवारीतील गैरप्रकार, रखडलेले चुकारे आणि वाढता तोटा यांनी ती मोडली. मग पुन्हा तेच मागावयाचे काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. योजनेचे दोष खरे होते. परंतु ते शेतकऱ्यांच्या नियंत्रणाविना चाललेल्या नोकरशाही खरेदीचे दोष होते, हमी खरेदीच्या तत्त्वाचे नव्हेत. दवाखान्यात भ्रष्टाचार झाला म्हणून रोग्यांना वैदूच्या हवाली करण्याचा न्याय कोणी मांडील काय?

कार्यकर्त्यांनी आणखी एक सापळा टाळला पाहिजे. वेचणीची मजुरी वाढली म्हणून कापूस परवडत नाही, असे लहान शेतकरी म्हणतो. आणि वेचणी करते ती किलोमागे दाम घेणारी भूमिहीन वा सातपुड्यातून आलेली आदिवासी स्त्री. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा मधल्यांचा जुना डाव आहे. भाव न्याय्य असेल तरच मजुरी न्याय्य देता येते. म्हणून दोन्ही मागण्या एकाच मोर्चात असल्या पाहिजेत.

त्या मागण्या स्पष्ट आहेत: रखडलेल्या तापी प्रकल्पांना मुदतबद्ध निधी, सरळ वाणांचे बियाणे सार्वजनिक संस्थांकडून, राखून पेरण्याच्या हक्कासह, पेरणीपूर्वी पीककर्ज, पहिल्या वेचणीपासून शेतकऱ्यांच्या देखरेखीखाली हमी खरेदी, आणि भाव हमीभावाखाली असताना आयातशुल्काला हात न लावण्याचे बंधन. 1938 साली पूर्व खानदेशात पिके बुडाली तेव्हा साने गुरुजी शेतकऱ्यांना शेतीचे धडे देत बसले नाहीत. सारामाफीसाठी त्यांच्याबरोबर उभे राहिले. पुढच्या परिसंवादाला कार्यकर्त्यांनी अवश्य जावे. पण सतरंजीवर शेतकऱ्याच्या शेजारी बसावे, आणि घटकांची यादी वाचून झाली की उठून विचारावे: यांतला कोणता घटक शेतकऱ्याच्या हातात आहे?