बाकाचे दुसरे टोक

वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारची सकाळ पाहावी. मराठीतली मिस्सा सुरू होण्यापूर्वीच कुणी वेदीवर फुले मांडून ठेवलेली असतात, गायनवृंदाचा सूर जुळलेला असतो. मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई आठवडाभर लोकलच्या गर्दीत उभ्या राहून नोकरी करून आलेल्या असतात. यांतल्या बहुतेकांना मानधन नसते.

१८३३ साली पॅरिसमध्ये विशीतल्या फ्रेडरिक ओझानाम याने मित्रांसह गरिबांच्या घरी जाण्याचा नेम धरला. त्यातून उभी राहिलेली संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची सोसायटी आजही अनेक धर्मग्रामांत आजारी, एकाकी माणसांची विचारपूस करते.

अशा माणसांचे आभार आपण कसे मानतो? वर्षातून एकदा, गुलाबाचे फूल आणि टाळ्या देऊन. पुढच्या रविवारी बाक उचलायला पुन्हा तीच चार माणसे, आणि काही चुकले की बोलायला चाळीस! कामापेक्षा गृहीत धरले जाण्यानेच माणूस अधिक थकतो. थकलेला माणूस तक्रार करीत नाही. तो एके दिवशी यायचा थांबतो.

तेव्हा शाल-श्रीफळ सावकाश द्या. या रविवारी आधी बाकाचे दुसरे टोक धरा.