गिरकीतून बाहेर कसं यायचं?

मंडळाच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या रांगेत हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो: "क्लाउड शिकायचं आहे, आधी कुठलं सर्टिफिकेट करू?" विचारणारा कधी नुकती पदवी घेतलेला मुलगा असतो, तर कधी पंचेचाळिशीतली ताई. तिच्या ऑफिसातले सर्व्हर एकेक करून बंद होत असतात आणि तिची नोकरी त्यांच्याबरोबर जाते की काय, अशी धास्ती असते. उत्तर देणारे परीक्षेचं नाव सांगतात, सराव-प्रश्नांचा संच पाठवतात. सल्ला प्रेमाचा असतो, पण अपुरा असतो. पुरतं उत्तर याच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉस्पोर्टला, १९१७ साली एका वैमानिकाने देऊन ठेवलं आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा विमानाचं वय अकरा वर्षांचंही नव्हतं. लढाऊ वैमानिक तातडीने हवे होते आणि शिकवायची पद्धत कुणी बसवलेलीच नव्हती. आघाडीवरून थकून आलेल्या वैमानिकांना शिक्षक नेमत. शिकाऊ पोरांपासून जिवाला धोका म्हणून हे शिक्षक त्यांना गमतीने 'हूण' म्हणजे शत्रूच म्हणायचे! शिकवण्याचा मुख्य सूर एकच: हे करू नकोस, ते टाळ. सगळ्यात मोठी भीती गिरकीची. वेग फार कमी झाला की पंख विमानाला पेलू शकत नाहीत आणि ते भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. अशा वेळी नाक वर काढण्यासाठी हातातला दांडा मागे ओढावा असं वाटतं आणि नेमकं तेच घातक ठरतं. दांडा पुढे सोडायचा आणि सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला दाबायचं, हा खरा उपाय. तो अंगवळणी पडायला गिरकी अनुभवावी लागते. जेमतेम पंधरा-वीस तास उडालेली मुलं फ्रान्सला जात होती. एप्रिल १९१७ मध्ये अरासच्या लढाईत ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमानं गमावली.

फ्रान्समध्ये स्क्वाड्रन सांभाळताना असली कच्ची पोरं मरताना पाहिलेल्या रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने वरिष्ठांना पत्रांमागून पत्रं लिहिली. शेवटी गॉस्पोर्टची शाळा त्याच्याच हाती आली. त्याने शिकवण्याची रीतच उलटी केली. अ‍ॅव्हरो ५०४ या दोन आसनांच्या विमानात दोघांच्याही हाती नियंत्रण दिलं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यावं म्हणून मध्ये रबरी नळी बसवली. मग शिकाऊ मुलाला मुद्दाम गिरकीत नेऊन त्यातून बाहेर यायला शिकवलं. धोका टाळायला शिकवण्यापेक्षा धोक्यातून सुटायला शिकवणं त्याला महत्त्वाचं वाटलं. पुढे हीच पद्धत ब्रिटिश हवाई दलात सगळीकडे गेली.

आता क्लाउडकडे येऊ. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या साठवण-सेवेवर काम करताना एका आज्ञेत चुकीची किंमत टाइप झाली. थोडे सर्व्हर काढायचे होते, ते फार जास्त निघाले आणि असंख्य संकेतस्थळं काही तास अडली. त्याच्या महिनाभर आधी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा एक अडचण सोडवताना एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपचे पाच मार्ग होते, पण वेळेला एकही धड कामी आला नाही. सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती म्हणून बहुतेक डेटा परत आला. तरी त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्याच.

दोन्हीकडची माणसं आपल्या कामात तरबेज होती. म्हणजे ज्ञान असूनही गिरकी लागतेच. बॅकअप असणं वेगळं आणि बॅकअपमधून डेटा परत आणता येणं वेगळं, हे गिटलॅबला त्या रात्री कळलं. पहिली गोष्ट परीक्षेत विचारतात. दुसरी करूनच बघावी लागते.

नेटफ्लिक्सने हे ओळखलं होतं. त्यांचे अभियंते 'केऑस मंकी' नावाचा प्रोग्राम चालवत. तो कामाच्या वेळात, सगळे जागेवर असताना, चालते सर्व्हर मुद्दाम बंद पाडायचा. आपली व्यवस्था तग धरते का, हे रात्री तीन वाजता कळण्यापेक्षा दुपारी तीनला कळलेलं बरं. स्मिथ-बॅरीला ही कल्पना लगेच पटली असती.

सर्टिफिकेट फुकट जातं असं मी म्हणत नाही. त्याशिवाय मुलाखतीला बोलावणंच येत नाही, विशेषतः चाळिशीनंतर क्षेत्र बदलणाऱ्याला. पण मुलाखतीच्या पुढे नोकरी टिकवायची असते. आपण मार्कांवर वाढलेली माणसं आहोत, त्यामुळे कागद हातात आला की शिक्षण संपलं असं आपल्याला पटकन वाटतं. इथे वाढलेल्या आपल्या मुलांनाही आपण तेच मोजमाप लावतो.

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही" हे खरंच. पण गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधत आणि काका-मामा आधीच पाण्यात उतरलेले असत. क्लाउड शिकणाऱ्यालाही तेवढीच सोय लागते. आधी खात्याला खर्चाची सूचना लावायची, म्हणजे बिलाचा धक्का बसणार नाही. मग एक छोटं संकेतस्थळ आणि त्यामागे डेटाबेस उभा करायचा. बॅकअप घ्यायचा. नंतर तो डेटाबेस स्वतःच्या हाताने पुसायचा आणि घड्याळ लावून परत आणायचा. पुढच्या आठवड्यात सर्व्हर बंद पाडायचा, त्यापुढे एखादी परवानगी काढून घ्यायची. काय झालं ते दर वेळी लिहून ठेवायचं आणि शेवटी सगळं पुसून टाकायचं, नाहीतर मीटर चालूच राहतो.

आकाशातल्या त्या मुलांना मात्र ही चैन नव्हती. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश लढाऊ विमान चालवत जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये गेले. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय एका अपघातातून वाचले, पुन्हा शिकले, जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर १० विजय लागले आणि २२ जुलैला ते पडले. वय १९. उत्तम प्रशिक्षणही युद्धात जिवाची हमी देत नाही. आपली गिरकी मात्र सरावाच्या खात्यात काही रुपयांची, इथल्या हिशेबात काही पेन्सची असते. इतक्या स्वस्तात पडता येत असताना न पडताच शिकणं मला परवडणारं वाटत नाही. कारण उद्या त्याच सर्व्हरवर कुणाची रुग्णालयातली अपॉइंटमेंट असेल, कुणाचा पगार असेल.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्यात वर्षानुवर्षं क्लाउडवर काम करणारी मंडळी बरीच आहेत. त्यांनी महिन्यातून एक शनिवार सकाळ द्यावी. भाषण नको, स्लाइड्स नकोत. एका जाणत्याने एका शिकणाऱ्याशेजारी बसावं, काहीतरी मोडायला सांगावं आणि तो ते दुरुस्त करेपर्यंत स्वतःचा हात की-बोर्डपासून लांब ठेवावा. गॉस्पोर्टच्या शिक्षकासाठीही हेच अवघड काम होतं. चहाची जबाबदारी मी घेतो.