यंत्राचा अंदाज, कोणाचा हिशेब?

बांधकामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यावे, असा आग्रह हल्ली धरला जात आहे. नकाशे दिले की सिमेंट, लोखंड व मजुरी यांचे आकडे यंत्र झटपट मांडते. अभियंत्याचे श्रम वाचतात, बेरजेच्या चुका टळतात. याला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो हे यंत्र शिकते कशावरून, हा. ते शिकते जुन्या निविदांवरून आणि जुन्या देयकांवरून. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली, तेव्हा खर्च ३७२ कोटी रुपये धरला होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. या वाढीत महागाईचा वाटा किती, पुनर्वसनाचा किती आणि कंत्राटदारांवरील मेहेरबानीचा किती, हे नुसत्या आकड्यांवरून यंत्राला कळणार नाही. फुगवलेला दर त्याच्या लेखी रास्त दर ठरेल; बिगाऱ्याला किमान वेतनाहून कमी मजुरी दिली असेल, तर तीही रास्तच ठरेल. कालचा अन्याय उद्या शास्त्राच्या नावाने मिरवेल.

म्हणून सार्वजनिक कामांत हे साधन वापरताना मजुरीचा आकडा किमान वेतनाखाली जाता कामा नये. आधाराला घेतलेली देयके व मोजमापपुस्तके जनतेला खुली हवीत, आणि अंदाजपत्रकाखाली जबाबदार अभियंत्याची सही हवी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत ही मागणी लावून धरली पाहिजे. यंत्राला जाब विचारता येत नाही, राज्यकर्त्यांना येतो.