काळ्या कोंबड्या, अंगणात मावतील तेवढ्याच



मागे केज तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याचा प्लॉट पाहायला गेलो होतो. परतताना एका घरी चहाला थांबलो. अंगणात बाभळीखाली एक काळाभोर कोंबडा आणि सहा तलंगा माती उकरीत होत्या. तुरा काळा, चोच काळी, पायही काळे. कडकनाथ! घरातल्या आजींना विचारले, ह्या कुठल्या? त्या म्हणाल्या, "सायेब, दोनशेतल्या ऱ्हायल्या त्यांच्या ह्या नाती."

२०१८-१९ च्या सुमारास आपल्याकडे कडकनाथाची लाट आली होती, ती अनेकांना आठवत असेल. पैसे भरा, पिल्ले घ्या, खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच विकत घेऊ, असा बोलबाला होता. आजींच्या मुलाने उसनवारी करून पैसे भरले. २०१९ साली पोलिसांत तक्रारी झाल्या, खाद्याची गाडी यायची थांबली, फोन लागेना. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य खाते. दोनशे कोंबड्यांना रोजचे २० किलो, महिन्याला सहा क्विंटल. कोरडवाहू दोन एकरांचे घर हे कोठून आणणार? काही कोंबड्या मिळेल त्या भावाने गेल्या, बाकीच्या मानमोडीने. आजींनी आठ तेवढ्या डाल्याखाली झाकून ठेवल्या.

पैसे भरण्याआधी तो मुलगा माझ्याकडे आला होता. मी म्हणालो, "बाबा, मी शेतकी शाखेचा माणूस, कोंबड्यांचे जनावरांच्या डॉक्टरांना विचार." वर दिलेला खाद्याचा हिशेब मांडायला डॉक्टर लागत नाही. तो मी तेव्हा मांडला नाही, म्हणून आज लिहितो आहे.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर भागातला. तिकडे त्याला कालामासी म्हणतात. भिल्ल-भिलाला कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घरच्या अंगणात सांभाळला. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेडमध्ये कोंडून नव्हे, तर झाडाखाली, उकिरड्यावर किडे-दाणे टिपत वाढलेली ही जात आहे. तशीच पाळली तर ती आपल्या बालाघाटच्या डोंगरातही तग धरते. वाढ मात्र सावकाश. वर्षाला ऐंशीच्या आसपास अंडी, आणि नर दीड-दोन किलोचा. अंडे काळे नसते, फिकट बदामी असते, आणि रक्तही लालच असते. काळी अंडी म्हणून कोणी दाखवली तर पुढे चालू लागा. ह्या मांसाने अमका रोग बरा होतो असेही सांगतात. चवीने खावे, पण त्या भरवशावर दवाखाना सोडू नये.

ह्या कोंबडीची मोठी खोड म्हणजे ती सहसा खुडूक बसत नाही. आजींची युक्ती अशी, की कडकनाथाची अंडी घरच्या गावरान कोंबडीखाली ठेवायची. बेताच्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. बसवण्याआधी तिच्या पंखांत चुलीची चाळलेली गार राख चोळावी, म्हणजे उवा-पिसवांपायी ती मधेच उठत नाही. अंडी साठवायला ओल्या वाळूवर मडके ठेवून वर फडके बांधावे. हिवाळ्यात सात दिवसांच्या आतली आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतलीच अंडी बसवावीत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे धरून पाहावे. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवावे, कोरे दिसले तर काढावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मात्र कोंबडी बसवूच नये. अंडीही जातात आणि कोंबडीही थकते.

आता जात शुद्ध राखण्याचे. अंगणात शेजाऱ्याचा गावरान कोंबडा येतोच. एकदा त्याचा संग झाला, की तीन आठवड्यांपर्यंत त्याचा अंश अंड्यांत उतरू शकतो. म्हणून पिल्लांसाठी अंडी धरायची असतील तेव्हा कडकनाथाच्या माद्या आपल्या नरासह जाळीत घ्याव्यात. पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खावीत, विकावीत, पुढची बसवावीत. मिश्र पिल्लेही पुष्कळदा काळीच निघतात. म्हणून नुसता रंग पाहून "अस्सल आहे" म्हणणाऱ्यावर जाऊ नये. एका नराला सहा-आठ माद्या बास. त्याच घरातला नर पिढ्यान्‌पिढ्या ठेवला तर अंडी वांझ जाऊ लागतात, पिल्ले किरटी होतात. दीड-दोन वर्षांनी नर बाहेरचा आणावा.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग कडकनाथालाही सोडत नाही. हिरवी-पांढरी हगवण, मान पिळली जाणे, आणि दोन दिवसांत खुराडे रिकामे. औषध नाही, लसच आहे. पिल्लू आठवड्याचे होते तेव्हा लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून. अडचण अशी, की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि घरी पक्षी असतात दहा. एकदा कालवलेली लस तास-दोन तासांतच संपवावी लागते. मग दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, बाटली बर्फातून आणावी, आणि सकाळी उन्हाच्या आत गल्लीने टोचून घ्यावे. आजींच्या गल्लीत बचत गटाच्या बायका हे करतात. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. एकदम कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या उघड्यावर टाकू नका, विकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ती लस त्याआधीच उरकावी. मागे घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सहा-सात कोंबड्या झेपतात, वीस झेपत नाहीत. दाणा सांजसकाळ मूठ-मूठभर, ज्वारीची कणी किंवा मक्याचा भरडा. उकिरड्याजवळ शेण आणि ओले गोणपाट घातलेले मडके पालथे घालून ठेवले, की दुसऱ्या दिवशी वाळवी लागते. पिल्ले त्यावर तुटून पडतात. रात्री मात्र खुराड्याचे दार नीट लावा. गेल्या पावसाळ्यात मुंगसाने आजींच्या दोन माद्या एकाच रात्री नेल्या.

आजींचा नर आता तिसऱ्या वर्षात गेला आहे. आपल्या भागात कोणाकडे खात्रीचा, वेगळ्या घरातला तरणा कडकनाथ असेल, तर मला निरोप धाडावा. बदल्यात त्या दोन तलंगा द्यायला तयार आहेत. पैसे घेणार नाहीत, असे त्यांनी मला दोनदा सांगितले.