फेझ, अर्धा दिवस

आमच्या मेहुण्यांनी परवा एका सहल कंपनीची मोरोक्कोची कार्यक्रमपत्रिका माझ्या हाती ठेवली आणि तिच्यातील एका ओळीने माझ्या वामकुक्षीचा, जिच्या माहात्म्यवर्णनात या सदराने पूर्वी पुष्कळ शाई खर्च केली आहे, समूळ विध्वंस केला. ओळ अशी होती : ‘फेझ, अर्धा दिवस. दुपारी शुद्ध शाकाहारी भारतीय भोजन.’

ज्या नगराची स्थापना आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रिसी राजवटीत झाली, जिथल्या अल् करावियीन या विद्यापीठाचे मूळ परंपरेप्रमाणे 859 साली फातिमा अल् फिहरी या स्त्रीने बांधविलेल्या मशिदीत आहे, आणि ज्याच्या जुन्या तटबंद भागात आजही मोटारींना मज्जाव असून ओझी वाहण्याचे काम गाढवे व खेचरे इमानेइतबारे करीत आहेत, त्या नगराच्या वाट्याला अर्धा दिवस! तेथील बाब बू जलूद हा दरवाजा बाहेरून निळा आणि आतून हिरवा आहे. आमच्या मंडळींचा छायाचित्रांचा सोस पाहता त्याच्या दोन्ही बाजू टिपण्यातच तो अर्धा दिवस खर्ची पडावयाचा.

कंपनीच्या कचेरीत मी दूरध्वनीवरून तक्रार गुदरली. पलीकडील मुलगी अत्यंत शालीन होती. “काका, तिथे नुसत्या गल्ल्याच तर आहेत,” ती म्हणाली, “जास्त वेळ ठेवला तर लोक कंटाळतात.” मग शुआराच्या चर्मकुंडांचे काय, असे मी विचारले, कारण चुना आणि कबुतरांची विष्ठा यांच्या साहाय्याने कातडी मऊ करून ती रंगविण्याचा तो शतकानुशतके चालत आलेला उद्योग पाहण्याची माझी फार दिवसांची मनीषा आहे. “वास येतो ना काका! आपण ते वरून, गच्चीतून दाखवतो. हातात पुदिना देतात, तो हुंगत राहायचं.” पुदिन्याची ही तजवीज तेथील दुकानदार येईल त्या प्रवाशासाठी करतात, हे मला ठाऊक होते, तिने मात्र ती कंपनीची खास सवलत असल्याच्या थाटात सांगितली.

त्याच रात्री घरी मसलत बसली. भाच्याने संगणकावर तक्ता आखला, सौभाग्यवतींनी थेपल्यांचा अंदाज काढला, मेहुण्यांनी लोणच्याच्या बरण्या विमानात चालतात किंवा कसे याची रुजुवात घेतली. पुष्कळ वेळ चाललेल्या त्या खलबतात खुद्द फेझचा उल्लेख एकदाच झाला, आणि तोही तेथे दही मिळते का, या प्रश्नाच्या ओघात.

हे सारे ऐकत असता मला राहून राहून इब्न बतूताची आठवण येत होती. हा मोरोक्कोचाच रहिवासी 1325 साली तांजियरहून हजयात्रेस म्हणून जो निघाला तो जवळजवळ पाव शतकाने परतला. मध्यंतरी दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरी त्याने काझीपण केले आणि सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाताना वाटेत दौलताबाद व नंदुरबार ही आपली गावे पाहिली. नंदुरबारच्या मराठ्यांत कसबी कारागीर, वैद्य व ज्योतिषी आहेत; ते भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, अशी बारीक नोंद त्याने ठेवली आहे. पुढे सुलतान अबू इनानच्या हुकुमावरून त्याने आपला वृत्तांत इब्न जुझय्य या लेखकास सांगितला व 1355 साली तो ग्रंथ पुरा झाला, तो याच फेझ नगरीत. म्हणजे ज्या दरबारी आमचा भात साडेसहा शतकांपूर्वीच रुजू झाला आहे, त्याच गावी जाऊन आमची मंडळी पुन्हा तोच मागणार!

हे मी मसलतीत मांडले, पण ओघात एक भलतेच वाक्य निघून गेले. दौलताबादच्या किल्ल्यातील बंदिखान्यात मांजरांहून मोठे उंदीर आहेत, असेही बतूताने लिहिले आहे, एवढेच मी म्हटले. मेहुण्यांचे आजोळ दौलताबादेनजीकचे. त्यांचा चेहरा पालटला. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने, येथील द्राक्षे-डाळिंबे खाऊन, आमच्या उंदरांविषयी असा गैरसमज पसरवावा याला कृतघ्नता म्हणतात, असे त्यांचे मत पडले. भाच्याने घुशी असतील असा तोडगा सुचविला. तो दोन्ही पक्षांनी फेटाळला. घूस असली तर ती मांजराहून मोठी असणे हे कमीपणाचे की भूषणाचे, यावर मग जे वाग्युद्ध पेटले त्यात मोरोक्को केव्हा मागे पडला ते कोणाच्याच ध्यानी आले नाही, आणि मेहुण्यांनी निघताना ‘त्या माणसाच्या गावाला अर्धा दिवसही जास्तच झाला’ असा निकाल दिला.

आगाऊ रक्कम भरण्याची मुदत शनिवारी संपते. वाचकांपैकी कोणी फेझला मुक्काम करून आले असतील, तर तेथे किती दिवस हवेत तेवढे कृपया कळवावे. खाण्यापिण्याविषयी लिहू नये, तो मजकूर आमच्या दप्तरी भरपूर आहे.